बगळ्याची वाटी

पांगारमुऱ्याच्या शाळेत ते यंत्र आलं, तेव्हा रंजना डोईफोडेनं सगळ्यात आधी त्याला हळदकुंकू लावलं. जिल्ह्याहून आलेला तंत्रज्ञ "मावशी, भिंगाला नको, भिंगाला नको!" असा ओरडला, तेव्हा तिचं बोट चार इंच खाली सरकलं आणि कुंकू यंत्राच्या मानेवर बसलं. मान म्हणावी अशीच ती होती. खाली वजनकाटा, त्यावर थाळी ठेवायची जागा, वरून वाकलेली लांब पांढरी दांडी आणि दांडीच्या टोकाला काचेची बारीक नळी. नळी वाटीत बुडायची, चार थेंब ओढून घ्यायची आणि पुन्हा ताठ व्हायची. सरकारी कागदावर यंत्राचं नाव 'आहारदर्शी' असं भारदस्त होतं. पोरांनी पहिल्याच मधल्या सुट्टीत त्याचा बगळा केला आणि त्यानंतर सरकारी नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

रंजना एकोणीस वर्षं या शाळेत पोरांचा स्वयंपाक करत होती. वय चोपन्न, नवरा नाही, लेक-जावई पुण्याकडे कारखान्यात. त्यांची पोरगी स्वराली आजीपाशी राहून याच शाळेत सातवीत शिकत होती. घरी रंजना तिची आज्जी, शाळेच्या फाटकातून आत आलं की मावशी. हा नियम स्वरालीनंच पहिलीत असताना केला होता आणि दोघीही तो कडक पाळायच्या.

पूर्वी पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं एक घास खाऊन चव नोंदवहीत सही करायची रीत होती. आता पहिली थाळी बगळ्याची. रंजनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढा लांबून आलेला, सरकारनं पाठवलेला, त्याचा मान पहिला. पळी ती अलगद आमटीवर फिरवायची, लालभडक कट वरच्यावर काढायची आणि बगळ्याची वाटी काठोकाठ भरायची. मग पातेलं तळापासून ढवळून पोरांना वाढायला घ्यायची.

सातवीला आठवड्यातून तीनदा 'थाळीचा तास' लागला. तो घ्यायच्या बाबर मॅडम. तिशीतल्या, स्कूटरवरून येणाऱ्या, आणि एखादी गोष्ट समजावून सांगताना स्वतःच इतक्या खूश व्हायच्या, की पोरांना नाइलाजानं खूश व्हावं लागायचं.

"तांबडा रंग दिसतो ना? त्याच्या पलीकडेही रंग आहेत. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत एवढंच," त्या म्हणाल्या. "पाणी त्यातला एक रंग पितं. तेल दुसरा पितं. प्रथिनं तिसराच. बगळा आमटीच्या थेंबांतून हा न दिसणारा उजेड सोडतो आणि पलीकडं कुठला रंग किती उरला ते बघतो. जो रंग कमी उरला, तो पिणारा पदार्थ वाटीत जास्त."

"म्हणजे कोण किती प्यालंय ते ओळखतो," रुद्राक्ष ढेबे म्हणाला. हा वर्गातला बोलका पोरगा. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: जे आत गेलं, तेवढंच बाहेर आलं पाहिजे. आमटीत किती डाळ घातली, तिच्यात प्रथिनं किती, पैसे किती, हे आधी मांडायचं. मग बगळा काय सांगतो ते बघायचं. दोन्ही जुळलं की हिशेब बरोबर. बाजारभाव बगळा थेट बाजारातून उचलायचा, त्यामुळे तूर महागली की पोरांना ती गावातल्या दुकानदाराच्या आधी कळायची. आठ दिवसांत सातवीची अकरा पोरं घरोघर भाव सांगत फिरायला लागली आणि दुकानदाराची चांगलीच पंचाईत झाली.

एकच गोष्ट जुळत नव्हती. थाळीत वीस ग्रॅम प्रथिनं हवीत असा नियम होता आणि बगळा रोज लाल अक्षरांत सतरा दाखवत होता.

नियमाला शेपूटही होतं. सलग तीन आठवडे वीसच्या खाली आकडा राहिला, की शाळेतली चूल बंद. मग तालुक्याच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येणार. तिथे माणसं कमी आणि यंत्रं फार. अन्न स्वच्छ, मोजून मापून, गरम. त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्यात रंजनाला जागा नव्हती.

तिनं जमेल ते केलं. फोडणी चढवली. घरचं तेल आणून पळीभर जास्त घातलं. कट असा काही लाल झाला, की पोरं पातेल्यात डोकावून शिट्ट्या वाजवायला लागली. बगळा मात्र सतराच्या पुढे सरकेना.

"ह्येला काय घातलं म्हंजी बरं वाटंल, देव जाणं," ती मॅडमना म्हणाली.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी स्वराली फळ्यापाशी उभी होती. स्वयंपाकघराची आणि सातवीच्या वर्गाची भिंत एकच. मधली खिडकी कायम उघडी. रंजना पलीकडे तांदूळ निवडत नातीचा खणखणीत आवाज ऐकत होती आणि मनातल्या मनात सुखावत होती.

"एका थाळीला तीन ग्रॅम कमी," स्वराली लिहीत होती. "पोरं सेहेचाळीस. तीन गुणिले सेहेचाळीस, एकशे अडतीस. शंभर ग्रॅम डाळीत चोवीस ग्रॅम प्रथिनं. म्हणजे एकशे अडतीस ग्रॅम प्रथिनांसाठी डाळ लागते पाचशे पंचाहत्तर ग्रॅम. म्हणजे आपल्या आमटीत रोज पाचशे पंचाहत्तर ग्रॅम डाळ कमी आहे."

"पण कोठीतून तर पुरती निघती," रुद्राक्ष म्हणाला. "मीच काट्यावर लिहून घेतो. मग रोजची अर्धा किलोच्या वर डाळ जाती कुठं?"

त्याच्या मनात काही नव्हतं. प्रश्न गणिताचा होता. पण तो विचारून झाल्यावर स्वरालीच्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला. खिडकीपलीकडे सुपाचा आवाज थांबला.

पोरांची जेवणं झाल्यावर रंजनानं कोठीच्या किल्ल्या बाबर मॅडमच्या टेबलावर आणून ठेवल्या.

"मावशी, हे काय?"

"ठेवा तुमच्यापाशी. एकोणीस वर्षांत तुरीचा दाणा पदराला बांधून न्हेला असंल, तर माझे हात झडतील. पण तुमचा फळा काय म्हंतोय ते मी ऐकलंय."

"फळा तुम्हाला काहीच म्हणत नाही, मावशी. पोरांनी फक्त..."

"पोरांनी बरूबरच केलं आसंल. हुशार हायती." एवढं बोलून ती निघाली. मॅडमनी किल्ल्या हातात घेतल्या आणि त्या ओशाळून तशाच बसून राहिल्या.

गावात बातमी जायला वेळ लागत नाही. संध्याकाळी गिरणीत एका बाईनं हसत हसत विचारलं, "काय गं रंजे, डाळ कशी किलो लावलीस?" रंजना दळण तिथंच टाकून घरी आली. स्वराली दारातच बसली होती, डोळे सुजवून.

"आज्जी, गणित बरोबर आहे गं. मी तीनदा केलं."

"मग मी चोर हाय?"

"नाहीस!"

"मग? दोन्ही कसं बरूबर आसंल?"

रंजनाला नातीचा राग आला होता आणि त्याहून जास्त तिची कीव येत होती. तिनं भाकरी कुस्करली, दूध ओतलं आणि वाटी पोरीपुढे सरकवली. पोरगी रडत रडत जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर लावायच्या आतच स्वरालीनं मॅडमना गाठलं. "मॅडम, गणित बरोबर आहे आणि माझी आज्जी पण बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलं तर कुठं चुकलं?"

मॅडम हेल्मेट काढता काढता थांबल्या. "आपण रोज किती वाट्या मोजतो?"

"एक. पहिली."

"आणि जेवतात किती जण?"

"सेहेचाळीस," स्वराली म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका वाटीवरून सेहेचाळीस वाट्यांची साक्ष त्यांनी धरली होती. हे धरून चालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पांगारमुऱ्यात अजब पंगत बसली. बसली म्हणण्यापेक्षा उभी राहिली. सेहेचाळीस पोरं हातात थाळी घेऊन बगळ्यापुढे रांगेत. एका वाटीला एक मिनिट. पहिलीतल्या पिलांना आधी सोडलं, तरी भुकेनं सगळ्यांची चुळबुळ चाललेली. रंजना पातेल्यामागे तोंड फुगवून उभी होती. मोजा काय मोजायचं ते, असा तिचा चेहरा.

पहिली वाटी नेहमीप्रमाणे बगळ्याची. सतरा.

दुसरी, पहिलीतल्या एका पोरीची. बगळ्यानं चोच बुडवली, विचार केला आणि हिरवा आकडा दाखवला. वीस पूर्णांक आठ.

"हिरवं!" रुद्राक्ष किंचाळला.

तिसरी एकवीस. चौथी वीस पूर्णांक चार. दहाव्या वाटीपर्यंत अख्खी शाळा एका सुरात आकडे ओरडायला लागली होती. पोरं भूक विसरली. तेविसाव्या वाटीला कुणीतरी बादली बडवायला सुरुवात केली. पोरांच्या सेहेचाळीस वाट्या झाल्या आणि त्यातली एकही लाल नव्हती. लाल होती ती फक्त बगळ्याची.

"मावशी," मॅडमनी हळूच विचारलं, "बगळ्याची वाटी एकदा परत वाढून दाखवता?"

रंजनानं पळी घेतली, अलगद वरून फिरवली, कट काढला.

"वरूनच का?"

"आता काय सांगावं तुमास्नी!" रंजना वैतागून म्हणाली. "पाव्हणा हाय त्यो! पाव्हण्याच्या वाटीत गाळ वाढत्यात व्हय? त्येला वरचा कटच द्यायाचा. गाळ लेकरांस्नी. अंगाला लागतोय त्यांच्या."

मग बाबर मॅडम खाली बसल्या, चक्क ओट्याच्या कडेला फरशीवर, आणि पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मावशी, मी नवीन आले तेव्हा तुम्ही मला घरी जेवायला बोलावलं होतं. आठवतं? वाटीभर तिखटजाळ कट प्याले मी. डाळीचा एक कण नाही. घरी जाऊन रात्री बिस्किटं खाल्ली. मला वाटलं, बाई फारच काटकसरी दिसते!"

"आवं, त्यो मान हुता तुमचा!"

"कळलं आता!"

मग रंजनाला उमजलं. तीन आठवडे तिनं बगळ्याचा पाहुणचार केला होता आणि तो बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता, की मला डाळ मिळत नाही. तिला इतकं हसू आलं, की पळी पातेल्यात पडली. रुद्राक्ष पुढे आला, कान धरून म्हणाला, "मावशी, चुकलो." तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि त्याच्या थाळीत वाढायला घेतलं. स्वराली शाळेचा नियम मोडून सगळ्यांदेखत "आज्जी!" म्हणून तिच्या कमरेला बिलगली.

प्रथिनांचं कोडं सुटलं. मॅडमनी सगळ्या वाट्यांचे आकडे तालुक्याला पाठवले. तिकडून उत्तर आलं की पोषण अधिकारी नायकवडी साहेब पुढच्या गुरुवारी स्वतः येतील. आता थाळीच्या खर्चाचा तक्ता तयार ठेवावा. चूल ठेवायची की डबे आणायचे, हे खर्च बघून ठरेल. मध्यवर्ती स्वयंपाकघराची थाळी एकतीस रुपयांना पडते. तिथल्या सगळ्यांचे पूर्ण पगार धरून.

सातवी कामाला लागली. तांदूळ, डाळ, तेल, भाजी, मीठमसाला, गॅस. सगळं मिळून थाळीला पंचवीस रुपये वीस पैसे. मजुरीच्या रकान्यात मावशीचं मानधन. महिन्याला बेचाळीसशे, दिवसाला एकशे पंचाहत्तर, थाळीला तीन रुपये ऐंशी पैसे. एकूण एकोणतीस.

"एकतीसपेक्षा दोननं कमी. जिंकलो!" रुद्राक्षनं उडी मारली.

स्वराली मात्र तक्त्याकडे बघत राहिली होती. "मॅडम, मावशी सकाळी नऊला येते, दोनला जाते. पाच तास. सरकारी दरानं तासाला नव्वद रुपये मजुरी आहे. पाच नव्वदे साडेचारशे. मग एकशे पंचाहत्तर कसे?"

"ते मानधन आहे, बाळा. मजुरी नाही."

"पण काम तर मजुरीचंच आत गेलं ना? जे आत गेलं ते धरायचं, असं तुम्हीच लिहिलंय." तिनं वजाबाकी केली. "रोज दोनशे पंचाहत्तर रुपये कमी लिहिलेत. थाळीला सहा रुपये. हे सहा रुपये कुठून आले?"

खिडकीतून रंजना बोलली. "ए पोरी, लिव्हू नगंस त्ये. एकोणतीस हायेत ते ऱ्हाऊ द्यात."

"आज्जी, तुझे आहेत ते."

"माझे हायेत म्हणूनच म्हंतीया! पस्तीस लिव्हलंस तर चूल जाईल. मला न्हाई पायजेत सहा रुपये. मला तुमी पायजे." मॅडमनी खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. त्यांनाही ठरवता येईना. शेवटी त्यांनी दोन तक्ते करायला सांगितले.

गुरुवारी नायकवडी साहेब आले. मध्यम वयाचे, थकलेले, चार शाळा करून आलेले. आधी पोटभर जेवले, गाळासकट. मग दोन्ही तक्ते समोर घेतले.

"हा दुसरा कुणी केला?"

स्वराली उभी राहिली. आवाज खणखणीतच. "सर, मागच्या आठवड्यात आम्हाला वाटलं की मावशी आमच्या थाळीतून डाळ काढते. ते खोटं निघालं. आता मोजलं तर कळलं की ती रोज दोनशे पंचाहत्तर रुपये आमच्या थाळीत घालते. एकोणीस वर्षं. आणि तिला स्वतःलाच माहीत नव्हतं."

रंजना दाराशी उभी होती. हे वाक्य ऐकून ती आतून हलली. चोरीचा आळ तिनं कसाबसा सोसला होता. हे सोसणं जड जात होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "माझ्याकडे एकशे बारा शाळा आहेत, मॅडम. सगळ्यांचा खर्च अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एवढ्या स्वस्तात हे कसं काय जमतं, असं मला दर महिन्याला वाटतं आणि दर महिन्याला मी सही करतो." ते रंजनाकडे वळले. "ताई, सरळ सांगतो. एकोणतीसचा तक्ता पाठवला, तर तुमची चूल आज वाचली. पस्तीसचा पाठवला, तर प्रकरण वर जाईल. काय होईल ते मलाही माहीत नाही. कष्ट तुमचे आहेत. कुठला पाठवू?"

सेहेचाळीस पोरं आणि दोन मोठी माणसं तिच्याकडे बघत होती. रंजनानं पदरानं हात पुसले, ते कोरडे असूनही. तिला कालपर्यंत एकोणतीसच हवे होते. पण समोर नात उभी होती. आजीवर आळ येत होता तेव्हाही नातीनं गणित पुसलं नव्हतं.

"पस्तीस," ती म्हणाली. "मी खोट्या हिशेबावर पोरांस्नी जेवू घालणार न्हाई. मग चूल ऱ्हावो न्हाईतर जावो."

पोरांनी एकच गिल्ला केला. साहेबांनी तक्ता तिथल्या तिथे पाठवला. खाली त्यांनी स्वतःचा शेरा लिहिला: हा रकाना सर्व शाळांत मोजावा.

वर कुणीतरी जागं होतं. दीड महिन्यानं जिल्ह्यातल्या प्रत्येक बगळ्यात एक नवी ओळ उमटली: न दिलेली मजुरी. तीन हजार शाळांतल्या पोरांनी आपापल्या मावश्यांचे तास मोजले. कुठे चार, कुठे सहा. एका सोमवारी दुपारी बेरीज जाहीर झाली आणि मंगळवारी ती सगळ्या बातम्यांत होती. बातम्या न बघणाऱ्या रंजनापासून स्वरालीनं तो आकडा हुकूम निघेपर्यंत राखून ठेवला. पुढच्या पंधरवड्यात हुकूम निघाला. शाळांच्या चुली राहतील, थाळीची मर्यादा छत्तीस रुपये, आणि स्वयंपाकाला जूनपासून पूर्ण मजुरी.

स्वराली हुकूम घेऊन धावत स्वयंपाकघरात आली तेव्हा भात रटरटत होता. मागून बाबर मॅडम, मागून सगळी सातवी. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि शेवटी बेरजेचा आकडा सांगितला. जिल्ह्यातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाया पोरांच्या थाळीत रोज सव्वाआठ लाख रुपये घालत होत्या.

"किती?"

"सव्वाआठ लाख, आज्जी. रोजचे."

रंजना पाटावर टेकली. तिनं तो आकडा तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितला. मग तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि ते थांबेचना.

"अगं बया! म्हंजी एवढी वर्सं सरकारच आमच्या पंगतीला जेवत हुतं! आन् आमी आपलं त्येलाच म्हंत हुतो, मायबाप, काय तरी वाढा!"

मॅडम हसल्या, पोरं हसली, गलका ऐकून फाटकाशी आलेला गिरणीवालाही हसला. रंजना उठली, भाताखालचा गॅस बारीक केला आणि हात धुवायला चला म्हणून पोरांवर ओरडली.